अकरावा रकाना

प्रिय भिंगरी,

मुंगी बरी आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईट घडलं असणार, असं तुझ्या मनात आलं असेल. तसं काही नाही. ती बरी आहे, मी आहे, घर होतं तिथंच आहे. पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू आलं नसेल. ते कुणाचं ते शेवटी सांगतो. आतलं माझंच आहे. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसतंय, त्याचं कारणही ओघात येईल. मुंगीला शाळेत सोडून आलो की सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो आणि दमेपर्यंत लिहितो. आजचा तिसरा दिवस, आधीचे कागद फाडून टाकले. तुझी खुर्ची अजून एका पायानं लंगडते. चाळीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि घरातली एक खुर्ची काही या माणसाच्यानं झाली नाही, असं तुझी आई म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मुंगी साडेतीन वर्षांची होती, आता साडेसातची आहे. अजूनही या खोलीतून त्या खोलीत सारखं काहीतरी वाहून नेत असते, म्हणून नाव टिकून राहिलंय. पुढचे दोन दात पडलेत. लिहिते डाव्या हातानं, तुझ्यासारखी, आणि तुझ्यासारखीच शाई कोपरापर्यंत लावून घेते. तिची वेणी मी घालतो. हसू नकोस. लिफ्टचा तारेचा दोर सहा पदरांचा असतो, मला तीन पदरांचं काय कौतुक? पहिल्या महिन्यात मात्र इतकी घट्ट घालायचो, की पोरीच्या भुवया वर चढायच्या. तेव्हा शेजारच्या शिंपीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा रे, हिला कुणी लटकणार नाहीये. आता बरी घालतो.

गेल्या वर्षभरापासून तिला हाक मारली तर ती बघायची नाही. मला वाटलं, आगाऊपणा करतेय. एकदा पाच वेळा हाक मारली, सहाव्या वेळेला मागून जाऊन तिच्या हातातलं पुस्तक ओढून घेतलं. ती अशी दचकली, की मी आलोय हेच तिला कळलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. त्या दिवशी मला माझी फार लाज वाटली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागं पाणी साठून घट्ट झालंय, दोन्ही कानांत. ऑपरेशन लहानसं आहे, पण भूल द्यावी लागेल. दोन महिन्यांच्या आत केलं तर ऐकू येईल, फार लांबवलं तर डाव्या कानाचं काही सांगता येत नाही. मी म्हणालो, उद्या करा. त्यांनी मला खिडकीकडे पाठवलं. तिथला कारकून सभ्य होता. संमतीच्या कागदावर आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची सही लागते म्हणाला, आणि तीही डॉक्टरांसमोर. मी म्हणालो, मी आजोबा. त्यानं मान हलवली. आजोबा, तुम्ही तिला घेऊन येऊ शकता, रात्रंदिवस तिच्याजवळ बसू शकता, घरी नेऊ शकता, पण सही करू शकत नाही, असं म्हणाला. वडील कुठे आहेत म्हणून विचारलं, ते वारले म्हणून सांगितलं. आई कुठे आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी चष्मा पुसायला लागलो.

आता एक कबुली. आईची सही मला येते. तुझी सही म्हणतोय मी. माझी कामाची कार्डं आठवतात का तुला? प्रत्येक इमारतीत वर गच्चीवरच्या मशीनखोलीत एक कार्ड टांगलेलं असायचं. काम झालं की तारीख घालायची, काय केलं ते लिहायचं आणि सही करायची. ज्याची सही, त्याची जबाबदारी. तो दोर तुटला तर तू तुटलास, असं आमचे मुकादम सांगायचे. जुनी भरलेली कार्डं मी घरी आणायचो आणि तेरा वर्षांची असताना तू त्यांच्या पाठीमागं सह्यांचा सराव करायचीस, पहिलं अक्षर दिमाखात मोठं, मग खाली एक गिरकी, आणि शेवटी उगाचच दोन टिंबं. एकेका कार्डावर चाळीस-चाळीस सह्या. ती कार्डं मी टाकली नव्हती. मुंगीला शाळेत घालताना आईची सही लागली, तेव्हा ड्रॉवरमधून ती काढली आणि टेबलाशी बसून मीही सराव केला. जो दोर मी स्वतः तपासला नव्हता, त्याच्या कार्डावर सही करायला नकार दिला म्हणून वर्षभर लांबच्या इमारतींवर ज्याची बदली झाली, त्या माणसानं गेली चार वर्षं आपल्या मुलीची खोटी सही केली आहे. प्रगतिपुस्तकावर, लसीच्या कार्डावर, सहलीच्या परवानगीवर. तुझी गिरकी मला तुझ्यापेक्षा चांगली यायला लागली होती.

मग हात गेला. उजवा. सुरुवातीला चहाचा कप बशीवर वाजायचा, मी बशी घेणं सोडून दिलं. मग बटणं लावता येईनात. कंपवात आहे. गोळ्या घेतल्या की दोन-तीन तास बरे जातात, हे पत्र त्याच तासांतलं आहे. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर तुझी सही केली, तेव्हा गिरकीचा पार जिना झाला होता. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेनं मला फाटकाशी थांबवलं. वाटलं, आता संपलं. ती तुझ्याहून लहान असेल. तिनं प्रगतिपुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, की मुंगीच्या आईचा हात थरथरतो का हो? मी प्रगतिपुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. मग तिनं एक छापील कागद माझ्या खिशात घातला आणि म्हणाली, शनिवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर तुमच्यासारखी माणसं जमतात, जाऊन तर या.

माझ्यासारखी माणसं कोण, ते मला कळेना. गेलो. घडीच्या खुर्च्या, कागदी कपात कोमट चहा, आणि दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची एकसारखी कळा. एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत, त्यांची बायको त्यांना ओळखत नाही, रोज सकाळी त्यांना विचारते, तुम्ही कुणाकडे आलात? एक मोठ्या आवाजाची लाँड्रीवाली आहे, मुलगा तुरुंगात आणि सून बेपत्ता, दोन नाती हिच्या पदरात. त्या बैठकीची समाजसेविका आम्हाला काळजीवाहू म्हणते. त्यावर लाँड्रीवाली म्हणाली, अगदी बरोबर, काळजीवाहू सरकारसारखे, खुर्चीत बसवायचं आणि अधिकार एक नाही द्यायचा. सगळे पुण्यवान म्हणतात हो आपल्याला, म्हणाली, पण सहीची वेळ आली की विचारतात, तुम्ही कोण? मी खूप दिवसांनी हसलो. हसता हसता रडूही आलं, ते मी खोकल्यात घातलं. तिथं कुणी कुणाकडे बघत नाही, ही त्या खोलीतली मोठी सोय आहे.

त्या समाजसेविकेनं मला सांगितलं, की आजोबालाही हक्क मिळतो, पण मागावा लागतो. सांभाळणाऱ्या नातेवाइकाला पालक म्हणून नेमता येतं, त्यासाठी अर्ज आहे. अर्ज चार पानांचा आहे. मी तो तीन शनिवार भरत होतो. मुंगीची उंची, वजन, शाळा, ती कुठल्या खोलीत झोपते, घरात खिडक्या किती, मी पडलो तर तिला कोण बघेल. या शेवटच्या प्रश्नाला मी शिंपीणबाईंचं नाव लिहिलं आणि त्यांना नंतर विचारलं. सगळे रकाने भरले, अकरावा सोडून. अकराव्यात असं छापलंय: पालकाने पाल्याचा स्वेच्छेने त्याग केला आहे काय? असल्यास तपशील द्यावा. पोस्टमास्तर म्हणाले, हो लिहा, खाली तारीख टाका. लाँड्रीवाली म्हणाली, चार वर्षांत फिरकली नाही ती बाई, तिला आणखी काय म्हणायचं? सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि भिंगरी, मीही डोलावली. ते मला या पत्रात लिहायलाच हवं. तुझ्याबद्दल परकी माणसं वाटेल ते बोलत होती आणि मी कपातला चहा ढवळत मान हलवत होतो.

जावई गेले, त्यानंतर तू मुंगीला घेऊन इथं आलीस, तेव्हा तुझ्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. दोन महिने तू खिडकीशी बसून होतीस. पोर शेजारी रडत असली तरी तुला ऐकू यायचं नाही. आता मुंगीकडे बघून मला कळतंय, की ऐकू न येणं आणि लक्ष न देणं यांत केवढा फरक असतो. तेव्हा नाही कळलं. मग तुझ्या मैत्रिणीनं त्या दुसऱ्या गावचे डॉक्टर शोधले, तिथंच बेकरीत कामही बघून दिलं, आणि पंधरा दिवसांत येते म्हणून तू गेलीस. पंधराचे साठ झाले. दर रविवारी दहा वाजता तुझा फोन यायचा. मुंगी आठ वाजल्यापासून बूट घालून फोनशेजारी बसायची. कशाला ग बूट, म्हणून विचारलं तर म्हणाली, आई म्हणाली ये, तर लगेच जाता येईल. फोन ठेवला की बूट काढू द्यायची नाही. जेवायची नाही. सोमवारी अंगात ताप. असे किती रविवार गेले, ते मोजले नाहीत, पण मला रविवारची भीती वाटायला लागली होती.

तुला आपल्या घरातली पाटीची गोष्ट आठवत असेल, मी ती शंभर वेळा तरी सांगितली आहे. लिफ्ट उघडली की दारावर पाटी लावायची: दुरुस्ती चालू आहे, वापरू नये. खाली लावणाऱ्याची सही. आणि नियम असा, की ज्यानं पाटी लावली त्यानंच ती काढायची. तो जेवायला जाऊ दे, आजारी पडू दे, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण आत कुणी दोराला लटकलेलं असू शकतं. एकदा काम संपवून, कार्डावर सही करून मी घरी आलो आणि पाटी काढायची विसरलो. वर तीन दिवसांची रजा. लिफ्ट ठणठणीत, आणि सगळी इमारत तीन दिवस जिने चढत होती. पाचव्या मजल्यावरची एक म्हातारी तर तीन दिवस खालीच उतरली नाही. तू पोट धरून हसायचीस आणि मग मला चिडवायला न्हाणीघराच्या दाराला तीच पाटी लावायचीस, माझ्या सहीसकट. त्या म्हातारीचं नंतर काय झालं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. काही झालं नाही तिला. पण मी पाटी काढून वर गेलो, तेव्हा ती दारात उभी होती आणि तिनं एवढंच विचारलं, की आता उतरू ना? तीन दिवस ती कुणाच्या तरी हुकमाची वाट बघत होती. त्या गोष्टीतला हा भाग मी नेहमी गाळायचो, कारण त्यावर कुणी हसलं नसतं.

तुझ्या बाबतीत मी तेच केलं. त्या रविवारी मुंगीला खोलीत पाठवून फोन मी घेतला आणि म्हणालो, काही दिवस फोन करू नकोस, पोरीचे हाल होतात. आधी नीट हो, मग ये. मी सांगेन तेव्हा फोन कर. तू नुसतं बरं म्हणालीस. जन्मात कधी माझ्या कुठल्याच गोष्टीला तू बरं म्हणाली नव्हतीस, हुज्जत घातल्याशिवाय पाणी प्यायली नव्हतीस. त्या एका शब्दावरून मला कळायला हवं होतं. मला हायसं वाटलं. खरं तेच लिहितो, मला हायसं वाटलं. मुंगी जेवायला लागली. सोमवारचा ताप गेला. आज सांगू, उद्या सांगू, करत पाच महिने गेले, आणि मी नंबर फिरवला तेव्हा तो बंद झालेला होता. बेकरीत चौकशी केली, तर तू काम सोडलं होतंस. पत्र टाकायला हवं होतं. नाही टाकलं. पहिल्यांदा घाबरलो, मग चिडलो, मग लोक विचारायचे त्यांना म्हणायला लागलो, की गेली ती गेली, विसरली पोरीला. चार जणांना सांगितलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं. मुंगीला मात्र सांगत आलोय, की आई कामात आहे. तिनं विचारणं कधी थांबवलं ते मला आठवत नाही. कदाचित ती अजून विचारत असेल, हळू आवाजात, आणि मलाच ऐकू येत नसेल.

तर हे पत्र का लिहिलं ते सांगतो. समाजसेविका म्हणाली, की अकरावा रकाना भरण्याआधी आईच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवावं लागतं आणि तीस दिवस थांबावं लागतं. तिनं छापील नमुना दिला, आपणांस कळविण्यात येते की, वगैरे, चार ओळी. त्या पुरेशा आहेत म्हणाली. मला चार ओळींत जमलं नाही. सोबत एक पिवळा कागद आहे, मला पालक नेमायला आईची संमती असल्याचा. त्यावर तू सही केलीस, तर मला मुंगीच्या कागदांवर सही करता येईल आणि तू तिची आई राहशीलच, तुझं काही जाणार नाही, अकरावा रकाना कोरा राहील. यायचं नसेल तर नुसता कागद पाठव. टिंबं द्यायला विसरू नकोस. आणि तू तिथं नसशील, तर पाकीट परत येईल. परत आलेलं पाकीट न उघडता अर्जाला जोडायचं असतं. म्हणजे मग हे सगळं कुणी तरी अधिकारी वाचेल, खोट्या सह्या, हलणारा हात आणि मी फोनवर तुला काय म्हणालो तेही. साहेब, वाचत असाल तर, तपशील हाच आहे. या बाईनं त्याग केलेला नाही. पाटी मी लावली होती. हे वाचून माझ्या अर्जाचं काय करायचं ते करा, पोरीच्या कानांचं तेवढं थांबवू नका. लाँड्रीवालीला कळलं तर ती मला वेड्यात काढेल, पण माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं नाही त्याखाली मला सही करता येत नाही. भिंगरी, पाटी काढली आहे. खाली उतर. पाकिटावरचा पत्ता मुंगीनं आत्ता शाळेतून आल्यावर लिहिलाय, माझ्या हातून आकडे सरळ येत नाहीत म्हणून. डाव्या हातानं, जीभ बाहेर काढून, घराचा नंबर दोनदा खोडून. कुणाला आहे म्हणून तिनं विचारलं. तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन मी मोठ्यानं सांगितलं, आईला. ती बूट घालून बसू का म्हणाली. मी काही बोलायच्या आत ती घालून बसली आहे. मागच्या वर्षीचे आहेत, तिला आता लहान होतात.

तुझाच,
बाबा